तिसऱ्या दिवसाचे मेंढे

पाय बांधलेल्या मेंढीच्या मानेवर मल्हारीनं गुडघा टेकवला आणि पोटाच्या कडेनं कातर घातली. लोकर उसवलेल्या गोधडीसारखी उलटत खाली आली. मेंढी आडवी पाडायचं काम जयसिंगनं केलं होतं. त्याआधीच्या तीनही त्यानंच पाडल्या होत्या. पाडायच्या वेळेला मल्हारी नेमका तंबाखू मळत असायचा, नाहीतर कातरीला दगडावर धार लावत असायचा. मेंढी जमिनीला टेकली की मग लगबगीनं पुढं यायचा. हे इतकं सफाईनं व्हायचं की दोन वर्षांत भांडगावात कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

ध्यानात न यायचं दुसरं कारण म्हणजे त्याचं तोंड. माणूस बोलायला लागला की लोक त्याच्या हाताकडं बघत नाहीत. मल्हारीच्या तर सावलीकडंही कुणी बघत नसत.

"आप्पा, फुग्याचं सांगा की," जयसिंग म्हणाला. "पर आज एकाच मेंढ्यावर भागवा. दोन लई व्हत्यात."

"एक सांगितला तर दुसऱ्याला वाईट वाटंल," मल्हारी म्हणाला.

हौसरावाच्या वस्तीवर त्या रविवारी मेंढरं कातरायला चारपाच जण जमले होते. हौसरावाच्या आज्याची दोनशे मेंढरं होती, बापाची साठ. आता खाली ऊस होता, वर कांदा होता, आणि मेंढरं नावाला पंधरा. तरीही दिवाळी झाली की कातरायचा दिवस पाळला जायचा. त्या दिवशी भावकीतला प्रत्येक गडी निदान एक मेंढरू एकट्यानं उचलून आडवं करायचा. कुणी सांगितलेलं नव्हतं, पण बायका दारातून बघत असायच्या, आणि ज्याच्याच्यानं झालं नाही त्याचं नाव संध्याकाळी चुलीपुढं निघायचं.

मल्हारीनं सांगायला सुरुवात केली. यातलं खरं एवढंच होतं, की दोन वर्षांपूर्वी त्याच्या हृदयातली एक झडप आवळून बसली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी छाती न कापता मांडीच्या शिरेतून बारीक नळी आत नेली, नळीच्या टोकाचा फुगा झडपेत फुगवला आणि वाट मोकळी केली. तिथून पुढचं सगळं मल्हारीचं होतं.

"नळी मांडीतनं शिरली. डाक्टर टीव्हीवर बघतोय. म्हणला, मल्हारी, म्होरं वाट अरुंद हाय. मी म्हणलं, सायेब, हार्न द्या. फुगा फुगला तसा काळजाचा दरवाजा असा उघडला, आन् आत चाळीस वर्सं बसल्याला दम एकदम बाहीर पडला. नर्सबाईची टोपी खिडकीतनं गेली."

"टोपी मागच्या टायमाला पंख्यात गुतली व्हती," कुणीतरी म्हणालं.

"पंख्यातनं खिडकीत. वाऱ्याला वाट लागती."

तिसऱ्या दिवशी तो टेंपोनं घरी यायला निघाला. कालव्यावर बघतो तर गेणबाचे दोन मेंढे पाण्यात. मल्हारी उतरला, एक मेंढा या खांद्यावर, एक त्या खांद्यावर, आणि कालवा पार. गेणबा गेल्या साली वारला असल्यामुळं साक्षीला कुणी नव्हतं. पहिल्या वर्षी मेंढा एकच होता. दुसरा नंतर पडला.

खरं सांगायचं तर त्या टेंपोत मल्हारी हौद्यात गादीवर आडवा होता आणि कालवा कधी गेला हे त्याला कळलं नव्हतं. पुढं महिनाभर गीताबाईनं, त्याच्या बायकोनं, त्याला अंघोळ घातली. अजूनही कुरकुंभच्या ज्या कंपनीत तो राखणदार होता, तिथं गेटवरच्या केबिनच्या तीन पायऱ्या चढल्या की तो रजिस्टर चाळल्यासारखं करत उभा राहायचा. दर एकवीस दिवसांनी दौंडच्या बाजाराला म्हणून जायचा आणि एका दवाखान्यात इंजेक्शन घेऊन यायचा. अंगातलं पाणी उतरवायच्या लघवीच्या गोळ्या चुन्याच्या डबीत, चुनाळीत, ठेवायचा. गीताबाईला सगळं माहीत होतं. नवरा मेंढ्यांच्या गोष्टीवर आला की ती उठून आत जायची.

असं का सांगायला लागला, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. पुण्याहून आल्यावर लोक भेटायला यायचे, आवाज खाली आणून "आता जपा आप्पा" म्हणायचे, आणि त्याच्या हातातली पिशवी काढून घ्यायचे. एका सकाळी चहाच्या टपरीवर जयसिंगनंही पिशवीला हात घातला, तेव्हा मल्हारीच्या तोंडून पहिला मेंढा निघाला. जयसिंगचा हात तिथल्या तिथं मागं गेला. त्या दिवसापासून पिशवी त्याची त्यालाच न्यावी लागत होती, आणि ती जड होती.

"राजे," हौसरावानं घराकडं तोंड करून हाक मारली. "बाहीर ये. आप्पा आल्यात."

राजश्री हौसरावाची सून. तिलाही तोच आजार होता, मल्हारीपेक्षा कोवळ्या वयात. पहिलं मूल पोटातच गेलं तेव्हा आजार उघडकीला आला. डॉक्टरांनी फुग्याचं ऑपरेशन सांगितलं, आणि ती जी माहेरी शिरूरकडं न्हावऱ्याला गेली ती येईना. शेवटी हौसराव मल्हारीला घेऊन न्हावऱ्याला गेला. मल्हारीनं तिच्या वडिलांसमोर शर्टाची बटणं काढून कोरी छाती दाखवली, हॉर्न वाजवला, टोपी उडवली, दोन्ही मेंढे पार नेले. पदर तोंडाला लावून राजश्री हसली आणि दुसऱ्या दिवशी सासरी आली. ऑपरेशन होऊन आता दीड महिना झाला होता. आपल्या थापेनं एक माणूस वाचलं, असं मल्हारी तेव्हापासून मनातल्या मनात म्हणत आला होता. ते त्याला बरं वाटायचं.

राजश्री पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यापर्यंत आली आणि चौकटीला हात लावून थांबली.

"पाणी," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "घ्या आप्पा."

मल्हारीची कातर थांबली.

"बघा की, अंग कसं धरलंय," बानूबाई, तिची सासू, मागून म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं. "काडी आणली व्हती न्हावऱ्याची. आता पायातली जोडवी बी बसंनात. काढून डब्यात ठिवली."

राजश्रीनं तांब्या खाली ठेवला, तो ठेवायला वाकली, आणि उठायला तिला चौकट पुन्हा धरावी लागली. मल्हारीनं कातर पुढं ढकलली. ती लोकरीत न जाता कातड्यात गेली. मेंढीनं पाय झाडले. पांढऱ्या पोटावर रक्ताचा ठिपका उमटला.

"आप्पा," जयसिंग म्हणाला. "तुमच्या हातनं मेंढीला लागलं? सुर्व्य कुठं उगावला आज."

मल्हारीनं चिमूटभर हळद मागितली, ठिपक्यावर दाबली, आणि मान वर न करता विचारलं, "झोप लागती का, पोरी?"

"लागती की."

"कसली लागती," बानूबाई म्हणाली. "भिताडाला टेकून बसल्या जागी झोपती. मी म्हणती, बाई, आडवी हो. तर म्हणती, आडवं झालं की करमत न्हाई."

मल्हारीला भिंतीला टेकून झोपणं माहीत होतं. ऑपरेशनच्या आधीचे चार महिने तो तसाच झोपला होता. आडवं झालं की छातीवर कुणीतरी ओली घोंगडी टाकल्यासारखं व्हायचं. करमत नाही, असंच त्यानंही गीताबाईला सांगितलं होतं.

"पुण्याला परत दावलं का?" त्यानं हौसरावाला विचारलं.

"कशाला? पंधरा दिसांनी या म्हणले व्हते. पर तुमीच म्हणला की, बरं झाल्याव तिकडं तोंड बी दावलं न्हाई म्हणून."

हे तो म्हणाला होता. न्हावऱ्याला, परत निघताना, पायात चप्पल घालता घालता. गोष्टीला शेपूट बरं दिसतं म्हणून.

हौसराव जवळ सरकला. सुनेला ऐकू जावं अशा बेतानं, पण तिच्याकडं न बघता तो म्हणाला, "आप्पा, तुमी जरा तिला सांगा. हंडा आणला की बसती. चार पायऱ्या चढली की बसती. लोकं इचारत्यात, ऑपरेशन झालं न्हवं? तुमी तिसऱ्या दिवशी मेंढं उचलत व्हता. हिला दीड म्हैना झाला. जरा लाज वाटू द्या तिला."

राजश्री ते ऐकत होती. तिनं पदर पुढं ओढला आणि खाली बघितलं. तिला खरोखरच लाज वाटत होती. हंडा आणून बसल्याची, जोडवी न बसल्याची, आपण फुकटचं दुखणं काढतोय याची. चोवीस वर्षांच्या पोरीच्या मानेवरची ती लाज मल्हारीनं बघितली. ती कुणाची होती ते त्याला एका नजरेत ओळखू आलं.

सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते. सवयीनं तोंड उघडलं.

"तिसऱ्या दिवशी," तो म्हणाला, "मी टेंपोतनं यायलो व्हतो." आणि थांबला. "तवा मेंढा न्हवता."

जयसिंग हसला. "मेंढा न्हवता तर काय व्हतं? रेडा?"

"काय बी न्हवतं. मी हौद्यात आडवा व्हतो."

"मेंढ्यांनी उचलून आणलं व्हय तुमास्नी?"

आता सगळेच हसले. मल्हारीनं कातर बाजूला ठेवली. "जयसिंग, खरं सांगतोय. म्हैनाभर गीतानं न्हाऊ घातलं मला. तांब्या उचलवत न्हवता माझ्यानं."

यावर जो हशा झाला तसा त्याला कधीच मिळाला नव्हता. एक जण लोकरीच्या ढिगावर उताणा पडला. हौसरावानं डोळे पुसले. "काय माणूस हाय," तो म्हणाला. "आता उलटं सांगाया लागला." मल्हारीनं दौंडचं इंजेक्शन सांगितलं, त्यालाही हसले. नर्सबाई तीच का टोपीवाली, असं कुणी विचारलं. चुनाळी उघडून त्यानं गोळ्या दाखवल्या, तर जयसिंगनं एक उचलून वास घेतला आणि ही तर लेकराची पेपरमिंट म्हणाला. चाळीस वर्षं मल्हारीनं गावाला हसवलं होतं. आता गाव थांबत नव्हतं.

मल्हारीचं तोंड काळवंडलं. तो उठला. उठताना त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले, आज ते लपवलं नाही, आणि ओसरीपर्यंत गेला. बानूबाईच्या पुढ्यात पायरीवर बसला आणि धोतर नडगीच्या वर सरकवलं. जाणत्या बाईपुढं पाय उघडा करायची त्याची ही पहिलीच वेळ होती. हसणारे जरा कमी झाले.

"वैनी," तो म्हणाला, "तुमी किती वर्सं मेंढरामागं हिंडला?"

"लगीन झाल्यापासनं. का?"

"पावसाळ्यात पाणथळीचं गवत खाल्ल्यालं मेंढरू जबड्याखाली गुबगुबीत दिसतं. नवं माणूस म्हणतं, अंग धरलं. तुमी काय करता?"

बानूबाईची नजर त्याच्या नडगीवर गेली. बोट लावून बघतात, हे तिला सांगायची गरज नव्हती. मांस असेल तर बोट उचललं की भरून येतं. पाणी असेल तर खळगा तसाच राहतो.

"माझा पाय दाबा," मल्हारी म्हणाला.

"आप्पा, काय तरीच—"

"दाबा वैनी. मेंढरू समजून दाबा."

बानूबाईनं आजूबाजूला बघितलं, मग खाली वाकून अंगठा त्याच्या नडगीवर टेकला आणि दाबला. उचलला. काळ्या कातड्यात अंगठ्याएवढा खळगा राहिला. ती बघत राहिली. खळगा भरून आला नाही. जयसिंग जवळ आला होता. हातातली गोळी त्यानं हळूच चुनाळीत परत टाकली.

"दोन वर्सं झाली," मल्हारी म्हणाला. "गोळी घेतली तर कमी असतं. आज घेतली न्हाई, मेंढरं कातरायची म्हणून. सारखं उठावं लागतं."

बानूबाई उठली. तिनं सुनेचा दंड धरला आणि तिला आत नेलं. दार लोटलं गेलं. पाय बांधलेली मेंढी, अर्धी कातरलेली, अर्धी लोकरीची, मान वर करून बघत होती.

बानूबाई बाहेर आली तेव्हा अंगठा मुठीत धरून होती.

"बोट बुडतंय," ती नवऱ्याला म्हणाली. "गुडघ्यापतुर. आन् मी गावाला सांगत व्हते, अंग धरलं म्हणून." मग तिचा आवाज चढला. "बघत काय बसलाय. सतीशला उठवा. जीप बघा."

सतीश, राजश्रीचा नवरा, रातपाळी करून आत झोपला होता. तो डोळे चोळत बाहेर आला आणि चपला न घालताच जीप आणायला पळाला. राजश्रीला मधल्या सीटवर उशा लावून बसवलं. मल्हारीला कुणी ये म्हणालं नाही, येऊ नको असंही म्हणालं नाही. तो मागं चढला. यवत गेलं, लोणी गेलं, हडपसरची गर्दी आली. पन्नास किलोमीटरांत त्यानं एकही शब्द काढला नाही. हौसरावानं दोनदा मागं वळून बघितलं, तो जागेवर आहे ना ते.

संध्याकाळपर्यंत तपासण्या झाल्या. इकोची पट्टी हातात घेऊन एक तरुण डॉक्टर बाहेर आला आणि भिंतीला कागद लावून त्यावर त्यानं झडप काढली. दोन पानं, समोरासमोर, कडेला चिकटलेली.

"फुग्यानं ही पानं सांध्यावर सुटायला हवीत," तो म्हणाला. "बहुतेकांची सुटतात. क्वचित एखाद्याचं, सांधा न सुटता पानच फाटतं. हिचं थोडं फाटलं होतं. त्यातून रक्त मागं गळतं. तेव्हा गळती कमी होती, म्हणून तर पंधरा दिवसांनी बोलावलं होतं. ती वाढत गेलीय. फुप्फुसात पाणी आहे. ते आधी उतरवू. मग छाती उघडून झडप बदलावी लागेल."

"वाचंल ना पोरगी?" हौसरावानं विचारलं.

"वेळेत आणलंत असं म्हणता येणार नाही. फार उशीर झाला असंही नाही. दम कधीपासून लागतोय?"

सतीशनं बापाकडं बघितलं.

"पैल्या आठवड्यापासनं असंल," हौसराव म्हणाला.

"मग इतके दिवस का थांबलात?"

मल्हारीनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. आपलं नाव येणार, ते यावं, आणि आल्यावर आपण हो म्हणावं, एवढं त्यानं ठरवलं होतं. त्यानं घसाही खाकरला.

"चुकलं आमचं," हौसराव म्हणाला. "अडाणी माणसं. कळलं न्हाई."

डॉक्टर मान हलवून निघून गेला. हौसराव भिंतीलगतच्या बाकावर बसला आणि बसताना मल्हारीसाठी जागा ठेवली. मल्हारी उभाच राहिला. हौसरावानं शिव्या दिल्या असत्या, तर बसता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकेकाला आत सोडलं. मल्हारीची पाळी शेवटी आली. राजश्रीचा पलंग डोक्याच्या बाजूनं उचललेला होता, नाकाला नळी होती. चेहरा उतरला होता. तोंडावरची सूज उतरल्यावर ती पुन्हा न्हावऱ्याची काडी दिसत होती. तो पलंगापासून हातभर लांब उभा राहिला.

"पोरी," तो म्हणाला, "मी तुला खोटं सांगितलं."

"म्हाईत हाय."

"काल समद्यांम्होरं—"

"कालचं न्हवं." ती थांबली, दोन श्वास घेतले. आज ती ते लपवत नव्हती. "न्हावऱ्याला आला तवाच कळलं. चहा पिताना तुमी दोनदा थांबला. कप खाली ठिवून छताकडं बघत व्हता, आठवल्यासारखं करून. मी बी तशीच थांबायची. आईला वाटायचं, पोरगी इचार करती."

मल्हारीच्या हातातली टोपी गोल फिरत होती, ती थांबली.

"कळलं व्हतं, तर आली कशापायी?"

"म्हणलं, ह्या माणसाला एवढा दम लागतोय, आन् तरी ह्यो टोप्या उडवतोय. म्हंजी ह्याच्यातनं जगता येत असंल." ती किंचित हसली. "मेंढ्यावर न्हाई आले मी, आप्पा."

"मग ऑपरेशन करून घरी आल्याव बोलली का न्हाई? मला दम लागतोय म्हणून?"

"कुणाला बोलू? घरात समदी तुमच्या मेंढ्यांव मापत व्हती मला. तुमी खोटं बोलता म्हणलं असतं, तर सून कामचुकार आन् वर मोठ्या माणसाला खोटं पाडती, असं झालं असतं." तिनं नळी सारखी केली. "आन् तुमी बी उघडं पडला असता. मला वाटलं, तुमचं तुमी कवातरी सांगचाल."

खिडकीबाहेर कुणीतरी चादरी झटकत होतं. मल्हारीला तिकडं बघावंसं वाटलं, पण त्यानं बघितलं नाही. ती बोलत होती तोवर तिच्याकडंच बघत राहणं, एवढंच आता त्याच्या हातात होतं.

"आता उभं कापणार म्हंत्यात," ती म्हणाली. "छाती. तुमास्नी काय म्हाईत हाय का त्याचं?"

त्याच क्षणी त्याच्या डोक्यात एक माणूस उभा राहिला. कुरकुंभच्या कंपनीतला, बॉयलरवरचा, छाती उघडून शिवलेला, आठव्या दिवशी आखाड्यात उतरलेला. त्या माणसाला मिशाही होत्या. नाव तेवढं द्यायचं राहिलं होतं.

"न्हाई," मल्हारी म्हणाला. "मला काय बी म्हाईत न्हाई."

तिनं त्याच्याकडं नीट बघितलं, जणू आता पहिल्यांदा त्याचं ऐकत होती. मग मान हलवली.

"भ्या वाटतंय," ती म्हणाली.

"मला बी वाटत व्हतं. टेबलाव रडलो मी. नर्सबाईनं हात धरला व्हता."

"टोपीवालीनं?"

"टोपी न्हवती तिला," मल्हारी म्हणाला.

ती हसायला गेली, खोकला आला. नर्स आत आली आणि त्याला आता निघा म्हणाली. तो दारापर्यंत गेला तेव्हा राजश्रीनं मागून हाक मारली.

"आप्पा, आलाच हाय तर तुमचं बी दाखवून घ्या."

खाली केसपेपरच्या खिडकीशी रांग होती. मल्हारी रांगेत उभा राहिला. हौसराव चहाचे दोन ग्लास घेऊन त्याला शोधत आला आणि त्याच्या शेजारी, रांगेच्या बाहेर, उभा राहिला. त्यानं एक ग्लास पुढं केला. मल्हारीनं घेतला, एक घोट प्याला, ग्लास खाली केला, श्वास घेतला, पुन्हा प्याला. हौसराव ते बघत होता. मल्हारीनं बघू दिलं.

पाळी आली. काचेमागचा कारकून खाली बघून लिहीत होता. नाव झालं, वय झालं, गाव झालं.

"काय त्रास?"

"दम लागतो."

"कधीपासून?"

"दोन वर्सं."

कारकुनानं मान वर केली. त्यानं आधी मल्हारीकडं बघितलं, मग त्याच्या पायांकडं. "दोन वर्षं? आणि इतके दिवस काय करत होतात?"

मल्हारीनं ग्लास खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

"गप्पा मारत व्हतो," तो म्हणाला.

कारकून हसला. हौसराव हसला नाही. त्यानं कट्ट्यावरचा ग्लास उचलून आपल्या हातात घेतला आणि मल्हारीला केसपेपर घ्यायला जागा मोकळी करून दिली.